लॅकॉक : मठाच्या आवारात वाढलेले गाव

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात, चिपनम शहराच्या दक्षिणेला साधारण पाच किलोमीटरवर, एव्हन नदीच्या काठी लॅकॉक नावाचे गाव आहे. हाय स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट असे चार रस्ते, त्यांच्या कडेने दगडी आणि लाकडी चौकटींची जुनी घरे, एका टोकाला चर्च आणि गावाला लागूनच मठाची भली मोठी वास्तू. येथील मठाच्या पायाभरणीला २०३२ साली आठशे वर्षे पूर्ण होतील. इतक्या काळात मठ बंद पडला, मालक बदलले, गावाचा व्यापार बुडाला. पण गाव उठले नाही आणि विस्कटलेही नाही. हातात आलेले मोडून टाकण्याऐवजी त्यावर पुढचे रचायचे, अशी वृत्ती असलेली माणसे या मठाला आणि गावाला वेळोवेळी मिळत गेली. हा इतिहास प्रामुख्याने त्या माणसांचा आहे. त्यातल्या थोड्यांचीच नावे कागदोपत्री उरली आहेत. गवंडी, सुतार, धनगर, विणकर आणि कुळे यांची नावे उरलेली नसली, तरी त्यांनी उभारलेल्या भिंती आजही उभ्या आहेत.

मठाच्या आधीही येथे वस्ती होती. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या राजाने करवून घेतलेल्या जमीनमोजणीत लॅकॉकची नोंद सापडते. दोन पाणचक्क्या आणि एक द्राक्षमळा एवढा ऐवज तिथे लिहिलेला आहे. त्या वेळी गावाचा धनी होता सॅलिस्बरीचा एडवर्ड. मठाची संस्थापिका एला हिचा तो खापरपणजोबा.

१२२० आणि १२३० ची दशके : एलाचा संकल्प

एलाचा जन्म ११८७ चा. वडील गेले तेव्हा ती अजून बालिका होती आणि सॅलिस्बरीची सारी जहागीर एकट्या तिच्या नावावर आली. राजाने तिचा विवाह आपला सावत्र भाऊ विल्यम लाँगस्पे याच्याशी लावून दिला. हा विल्यम दुसऱ्या हेन्री राजाचा अनौरस पुत्र. १२२० साली सॅलिस्बरीच्या नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला, तेव्हा या पतीपत्नींनी आपापला दगड स्वतःच्या हाताने बसवला होता.

१२२५ साली फ्रान्समधल्या मोहिमेवरून परतताना विल्यमचे गलबत वादळात सापडले आणि तो बुडाल्याची वार्ता इंग्लंडभर पसरली. राज्याचा कारभार पाहणाऱ्या ह्यूबर्ट द बर्गने आपल्या पुतण्यासाठी एलाला लगेच मागणी घातली. एलाने ती साफ धुडकावली. आपला पती जिवंत आहे, असा निरोप आपल्याला मिळाला आहे, असे तिने सांगितल्याची हकिकत आहे. विल्यम खरोखरच परतला, पण १२२६ च्या मार्चमध्ये त्याचे निधन झाले. ज्या कॅथीड्रलच्या पायाचा दगड त्याने बसवला होता, त्याच कॅथीड्रलमध्ये सर्वांत आधी त्याला पुरण्यात आले.

पुढची काही वर्षे एलाने विल्टशायरचे शेरीफपद सांभाळले. करवसुली, न्यायदान आणि राजाच्या हुकुमांची अंमलबजावणी ही सारी कामे तिच्याकडे होती. त्या काळात बाईमाणसाकडे हे पद असणे फारच दुर्मिळ होते. तिने मठ का काढला, याचे उत्तर सहसा पतीच्या आत्म्याच्या शांतीसाठी असे दिले जाते, आणि ते खरेही आहे. पण शेरीफ म्हणून परगण्याचा हिशेब पाहिलेल्या बाईने आपली संस्था नुसत्या भावनेवर उभी केली नाही. तिने लॅकॉकची आख्खी जहागीर मठाला देऊन टाकली. जमीन, पाणचक्क्या आणि कुळे यांचे उत्पन्न हाताशी असल्याने मठाला पहिल्या दिवसापासून कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

एव्हनकाठच्या ‘स्नेल्स मीड’ नावाच्या कुरणात १६ एप्रिल १२३२ रोजी पायाभरणी झाली. त्याच दिवशी एलाने सॉमरसेटमधल्या हिंटन येथे कार्थुसियन साधूंच्या मठाचाही पाया घातला, असे परंपरा सांगते. हिंटनचे आज केवळ अवशेष उरले आहेत. लॅकॉकचा मठ ऑगस्टिनियन पंथाच्या मठवासिनींचा होता. १२३० च्या दशकाच्या अखेरीस एलाने स्वतः दीक्षा घेतली, १२४० च्या सुमारास ती मठाध्यक्षा झाली आणि १२५७ साली वयोमानामुळे पदावरून उतरली. २४ ऑगस्ट १२६१ रोजी ती मठातच वारली.

या दशकांतला एक कागद इंग्लंडच्या इतिहासात फार मोलाचा ठरला. १२२५ साली तिसऱ्या हेन्री राजाने ‘मॅग्ना कार्टा’ ही हक्कांची सनद नव्याने जारी केली. तिची विल्टशायरसाठीची प्रत लॅकॉकला सुरक्षित ठेवण्यात आली. ती पुढे सातशे वर्षे इथेच राहिली.

१२४० ते १५२० : तीन शतकांची शिस्त

या तीन शतकांबद्दल लिहायला नाट्यमय असे फारसे काही नाही, आणि संस्थेच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट आहे. मठाकडे मेंढ्यांचे कळप होते. लोकर विकून मठ चालला आणि त्याच लोकरीवर गावही वाढले. बाजार भरवण्याचा हक्क मिळाला, कापडाच्या व्यापाऱ्यांचा रस्ता गावातून जाऊ लागला. गावाच्या चार रस्त्यांची आखणी याच मध्ययुगातली आहे. ईस्ट स्ट्रीटवरचे दशमांशाचे कोठार चौदाव्या शतकातले. कुळांनी आपल्या पिकाचा दहावा हिस्सा इथे आणून घालायचा. वाकड्या ओंडक्याचा मधोमध चिरलेला जोड समोरासमोर उभा करून त्यावर छप्पर पेलायची जुनी इंग्रजी रीत आहे. त्या रीतीने बांधलेले घर चर्च स्ट्रीटवर आजही आहे.

मठाचीही वास्तू पंधराव्या शतकात बरीच सुधारली. मधल्या चौकाभोवती फिरणाऱ्या ओवऱ्यांवर दगडी कमानींचे छत आले आणि कमानी जिथे मिळतात तिथे कोरीव फुले-चित्रे बसली. आपल्याकडच्या देवळांच्या ओवऱ्या पाहिलेल्या माणसाला या जागेत परकेपणा वाटणार नाही. ओवरीला लागून सभागृह आहे, आणि पलीकडे शेकोटीची खोली. मठात विस्तव पेटवायला परवानगी असलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक, म्हणून थंडीत मठवासिनी इथे येऊन ऊब घेत. या खोलीत एक प्रचंड ओतीव हंडा ठेवलेला आहे. इ. स. १५०० साली मेखेलन (आजच्या बेल्जियममधले शहर) येथील पीटर वाखेवेन्स याने तो ओतला. लॅकॉकच्या लोकरीच्या बदल्यात समुद्रापलीकडून काय काय येत असे, याची कल्पना त्यावरून येते.

१५३० चे दशक : कसोटी

आठव्या हेन्री राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडमधले मठ बरखास्त करायला घेतले. १५३५ साली राजाचा प्रतिनिधी जॉन अ‍ॅप राइस लॅकॉकला तपासणीसाठी आला. त्याला इथे बोट ठेवण्यासारखे काही सापडले नाही. मठाचे नियम जुन्या फ्रेंच भाषेत लिहिलेले आहेत आणि या बायका ती भाषा उत्तम जाणतात, हे त्याने मुद्दाम वरिष्ठांना कळवले. बाहेरच्या इंग्लंडमध्ये ती भाषा तोवर जवळपास वकिलांपुरतीच उरली होती. एला ज्या समाजात वाढली त्याची भाषा इथल्या बायकांनी तीनशे वर्षे सांभाळली.

वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ आधी बंद करायचे, असा १५३६ चा कायदा होता आणि लॅकॉक त्यात बसत होते. मठाने ३०० पौंड भरून मुदत वाढवून घेतली. आणखी अडीच-तीन वर्षे गेली. अखेर २१ जानेवारी १५३९ रोजी शेवटच्या मठाध्यक्षा जोन टेम्स यांनी मठ राजाच्या हवाली केला. त्यांना आणि बाकीच्या मठवासिनींना निवृत्तिवेतन मिळाले. त्या काळी कित्येक मठांच्या वाट्याला जी मानहानी आली, ती लॅकॉकच्या बायकांना सोसावी लागली नाही. त्यांनी शांतपणे आणि मानाने निरोप घेतला, याची नोंद इथे आवर्जून करायला हवी.

१५४० चे दशक : मठाचे घर होते

१५४० साली सर विल्यम शॅरिंग्टन यांनी ७८३ पौंडांना ही मालमत्ता विकत घेतली. त्यांनी मठाचे चर्च पाडले. पडलेल्या चर्चची हळहळ आजच्या अभ्यासकालाही वाटते, पण त्यांनी ओवऱ्या, सभागृह आणि शेकोटीची खोली जशीच्या तशी राखली, हेही त्याच दमात सांगायला हवे. इंग्लंडमध्ये ज्यांनी मठ विकत घेतले, त्यांतले बरेचजण दगड-शिसे विकून मोकळे झाले. शॅरिंग्टन यांनी खालचा मठ कायम ठेवून वरच्या मजल्यावर घर केले. नव्या इटालियन धर्तीचा अष्टकोनी मनोरा उभारला, घोडशाळेचा चौक बांधला, बिअर बनवायची भट्टी घातली. ब्रिस्टलच्या टांकसाळीच्या कामावरून त्यांच्यावर संकट आले, मालमत्ता जप्त झाली आणि मोठी रक्कम भरून ती परत मिळवावी लागली. १५५३ साली ते निवर्तले.

त्यांच्यामागे भाऊ हेन्री आणि हेन्रीची मुलगी ऑलिव्ह. ऑलिव्हने जॉन टॅलबट याच्याशी लग्न केले. या लग्नाला वडिलांचा विरोध होता आणि तिने मठाच्या उंच भिंतीवरून त्याच्या बाहूंत उडी घेतली, अशी आख्यायिका गावात सांगतात. खरे-खोटे कसेही असो, टॅलबट घराणे लॅकॉकला आले ते या विवाहाने, आणि पुढची जवळपास चार शतके तेच गावाचे आणि मठाचे धनी राहिले. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात मठात शिबंदी बसली आणि १६४५ मध्ये ती पार्लमेंटच्या फौजेला शरण आली. वास्तूचे मात्र मोठे नुकसान झाले नाही.

१७५० चे दशक : नवा दिवाणखाना

जॉन आयव्हरी टॅलबट यांनी सँडरसन मिलर या वास्तुकाराकडून प्रवेशाचा भव्य दिवाणखाना बांधून घेतला. तोवर ‘गॉथिक’ शैलीची पुन्हा आवड निर्माण होऊ लागली होती. मिलरने टोकदार कमानींचा दिवाणखाना रचला आणि त्याच्या भिंतींतल्या कोनाड्यांत व्हिक्टर सेडरबाख या शिल्पकाराने भाजक्या मातीचे पुतळे बसवले. जुन्या मठाशी नव्या बांधकामाचा सूर जुळला.

याच शतकाच्या उत्तरार्धापासून गावाचे वैभव ओसरू लागले. कापडाचा धंदा यंत्रांच्या गिरण्यांकडे गेला. लॅकॉकला गिरण्या आल्या नाहीत, कारखानदारांची नवी घरेही आली नाहीत. त्या वेळच्या विणकरांना हे दिवस फार जड गेले असणार. आज लॅकॉकमध्ये १८०० नंतरची घरे फारच थोडी दिसतात, याचे मूळ कारण ही गरिबी आहे. तिला योजनाबद्ध जतन म्हणणे त्या कुटुंबांवर अन्यायाचे होईल.

१८३० चे दशक : एका खिडकीचे चित्र

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८०० चा. ते काही महिन्यांचे असतानाच वडील वारले. मागे कर्जबाजारी इस्टेट राहिली आणि लॅकॉकचे घर भाड्याने द्यावे लागले. आई लेडी एलिझाबेथ यांनी आणि पुढे त्यांचे दुसरे पती कॅप्टन फील्डिंग यांनी चिकाटीने कर्ज फेडत आणले, तेव्हा कुठे १८२७ साली कुटुंब मठात राहायला येऊ शकले. तोवर हा मुलगा केंब्रिजमधून गणितात नाव काढून बाहेर पडला होता. लॅकॉकला आल्यावर त्याने दक्षिणेच्या दर्शनी भागात, भिंतीबाहेर झुकलेल्या तीन खिडक्या बसवून घेतल्या. त्यांतली मधली जगप्रसिद्ध झाली.

१८३३ साली इटलीतल्या कोमो सरोवराकाठी टॅलबट चित्र काढायला बसले होते. समोरचे दृश्य कागदावर दाखवणारे उपकरण हाताशी होते, पण हाताला चित्रकला नव्हती. भिंगातून पडणारी प्रतिमा कागदावर आपोआप टिकून राहिली तर किती बरे, असा विचार त्यांच्या मनात आला. लॅकॉकला परतल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. लिहिण्याचा चांगला कागद मिठाच्या पाण्यातून काढायचा, वाळवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवायचा. उजेड लागला की कागद काळवंडतो. तयार झालेले चित्र पुन्हा मिठाच्या कडक द्रावणात घालायचे, म्हणजे त्यावर उजेडाचा आणखी परिणाम होत नाही. चित्र धरण्यासाठी छोट्या लाकडी पेट्या केल्या होत्या. त्या घरभर इकडे तिकडे मांडून ठेवलेल्या असत. पत्नी कॉन्स्टन्स त्यांना ‘उंदराचे पिंजरे’ म्हणत.

१८३५ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका पेटीत मधल्या खिडकीचे जेमतेम इंचभराचे चित्र उमटले. ही आज अस्तित्वात असलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह. भिंग लावले तर खिडकीची जवळपास दोनशे काचतावदाने त्यात मोजता येत, अशी टीप टॅलबट यांनी तिच्याशेजारी लिहून ठेवली आहे. तिच्यात जे उजळ ते गडद आणि जे गडद ते उजळ. या उलट्या प्रतीवरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येतात, हे त्यांनी ओळखले. फिल्मच्या कॅमेऱ्याचे पुढचे सारे शतक या तत्त्वावर चालले.

१८३९ च्या जानेवारीत पॅरिसहून लुई दागेर यांच्या शोधाची बातमी आली. तोवर आपले काम स्वतःजवळ ठेवलेल्या टॅलबट यांनी घाईने ते रॉयल सोसायटीपुढे मांडले. दागेर यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आणि एकुलते एक. टॅलबट यांचे कागदावर, पण त्याच्या प्रती निघत. त्याच वर्षी कॉन्स्टन्स यांनीही हे तंत्र करून पाहिले. छायाचित्रणाचा प्रयत्न करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

१८४० आणि १८५० ची दशके : अंगणातला झाडू

१८४० च्या सप्टेंबरमध्ये टॅलबट यांना दिसले, की उजेड अगदी थोडा वेळ लागला तरी कागदावर न दिसणारी प्रतिमा तयार होते आणि गॅलिक आम्लाने ती वर काढता येते. तासाभराचे काम मिनिटांवर आले. या ‘कॅलोटाइप’ पद्धतीचे पेटंट १८४१ साली निघाले.

१८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक सहा भागांत आणि चोवीस छायाचित्रांसह प्रसिद्ध झाले. त्यात लॅकॉकचे अंगण आहे. एका चित्रात अर्धवट उघडे दार आहे, चौकटीला टेकवलेला खराट्यासारखा झाडू आणि भिंतीवर लटकवलेला कंदील आहे. राजवाडा किंवा सेनापती घेता आला असता, पण टॅलबट यांनी घोडशाळेच्या दारातला झाडू घेतला. माझ्या मते लॅकॉकने जगाला दिलेल्या चित्रांत हे सर्वांत मोठे आहे. मठात राबणारी माणसेही त्यांच्या चित्रांत येतात. निकोलास हेनेमन हा त्यांचा डच सेवक छापकाम शिकला आणि त्याने रेडिंग शहरात छायाचित्रांचा कारखाना काढला.

पेटंटावरून या काळात काही वाद आणि कोर्टाची कामे झाली. ती उगाळण्याचे इथे कारण नाही. १८५२ मध्ये टॅलबट यांनी व्यावसायिक व्यक्तिचित्रे वगळून बाकी सर्वांसाठी हक्क सैल केले, आणि पुढे पेटंटाचा आग्रहही सोडला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या काळातले नामवंत छायाचित्रकार. लॅकॉकच्या अंगणात सुरू झालेली कला वीस वर्षांच्या आत आपल्याकडे पोचली होती.

टॅलबट यांचा दुसरा नाद प्राचीन लिपींचा. १८५७ साली असिरियन राजाच्या एका कोरीव लेखाचे त्यांनी भाषांतर केले आणि पाकीट सीलबंद करून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे पाठवले. त्याच लेखावर हिंक्स, ओपर्ट आणि रॉलिन्सन या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे काम केले. पाकिटे उघडली तेव्हा चौघांचे अर्थ मुख्यत्वे जुळले, आणि कीलाकार लिपी खरोखरच उलगडली आहे, हे विद्वानांना मानावे लागले. यांतले हेन्री रॉलिन्सन १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या नोकरीसाठी मुंबईला आलेले. टॅलबट यांचे १७ सप्टेंबर १८७७ रोजी लॅकॉकला निधन झाले; गावच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे.

१९१० ते १९४० : मिस मटिल्डा टॅलबट

टॅलबट यांचे पुत्र चार्ल्स हेन्री यांनी आयुष्यभर मठाच्या जुन्या भिंतींचा अभ्यास केला. १९१६ साली ते गेले तेव्हा वारसा त्यांची भाची मटिल्डा यांच्याकडे आला. त्यांनी टॅलबट हे नाव घेतले आणि मोठ्या घराचा, उतरत्या उत्पन्नाचा आणि गावातल्या जुन्या घरांचा भार उचलला. १९३० च्या दशकात त्यांनी आजोबांची हजारो छायाचित्रे आणि उपकरणे लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला भेट दिली. १९४४ साली, महायुद्ध अजून चालू असताना, त्यांनी मठ आणि जवळपास सगळे गाव नॅशनल ट्रस्टच्या हवाली केले. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी १८९५ साली काढलेली ही संस्था जुन्या वास्तू आणि जमिनी कायमच्या राखण्यासाठी आहे. त्याच सुमारास त्यांनी लॅकॉकची ‘मॅग्ना कार्टा’ची प्रत ब्रिटिश म्युझियमला दिली. ती आता ब्रिटिश लायब्ररीत आहे.

बड्या घराण्यांनी त्या काळात आपली गावे घराघराने विकली. मटिल्डाबाईंनी गाव अखंड दिले. मठात त्या अखेरपर्यंत राहिल्या आणि १९५८ साली वारल्या.

१९७० नंतर

१९७५ साली मठाच्या दाराशी असलेल्या जुन्या कोठारात फॉक्स टॅलबट संग्रहालय सुरू झाले. नॅशनल ट्रस्टने घरे भाड्याने दिली आणि ती राहती ठेवली. गावातल्या बऱ्याच घरांत कुटुंबे राहतात, शाळा चालते, ‘जॉर्ज इन’मध्ये जेवण मिळते. जुन्या काळी तिथल्या चुलीसमोरचा मांस भाजायचा गज चाकात पळणाऱ्या कुत्र्याकडून फिरवून घेत. ते चाक आजही भिंतीवर आहे.

बीबीसीने १९९५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेचे चित्रीकरण इथे केले. २००१ च्या पहिल्या ‘हॅरी पॉटर’ चित्रपटात मठाच्या ओवऱ्या जादूची शाळा झाल्या आणि १५०० सालचा तो हंडा वर्गात उभा राहिला. २००७ च्या ‘क्रॅनफर्ड’ मालिकेतही लॅकॉकचे रस्ते दिसले. या गर्दीचा गावकऱ्यांना त्रास होतो, पण गावाच्या देखभालीला त्यातून हातभारही लागतो.

२०१३ साली गावच्या सेंट सिरिअक चर्चच्या मालकीचा पंधराव्या शतकातला चांदीचा चषक ब्रिटिश म्युझियम आणि डिव्हायझेस येथील विल्टशायर म्युझियम यांनी मिळून घेतला. हा चषक मुळात मेजवानीत पेये देण्यासाठी होता. चर्चकडे आल्यावर तो धर्मविधीत वापरला गेला आणि त्यामुळे वाचला. त्या काळातली अशी लौकिक चांदी फारच थोडी उरली आहे. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने टॅलबट यांचा खासगी कागदपत्रांचा संग्रह मिळवला. तेथे त्यांच्या जगभर विखुरलेल्या सर्व छायाचित्रांची सूची करण्याचे काम संशोधक लॅरी शाफ यांच्या देखरेखीखाली हाती घेतले गेले. लॅकॉकच्या शिड्या, गवताच्या गंजी, घोडशाळेचे दार आणि मठात राबणारी माणसे यांची चित्रे आता संगणकावर आली आहेत. जगात कुठेही बसून ती पाहता येतात.